डबा कुणासाठी आणि डबा कुणाचा

ज्याचे नाव, गाव, भाषा यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही, अशा माणसाला काही देता येते का? प्रश्न दानधर्माच्या पोथ्यांइतका जुना आहे, पण तो नव्याने विचारायला लावणारी वस्तू अगदी अलीकडची आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र एका रात्रीत काही मीटरपर्यंत अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली, तिच्यात पुस्तके, गलोल असल्या किरकोळ चिजा टाकल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. थोड्याच दिवसांत माइक टीग याने ती शोधून काढली. जिओकॅशिंग हा खेळ इथून सुरू झाला. त्याचे नियम चार ओळींत संपतात: डबा शोधावा, आतल्या वहीत सही करावी, काही घेतले तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचे काही ठेवावे आणि डबा होता तसा, होता तिथे परत लपवावा. कोड्याच्या प्रकारात जाहीर केलेली जागा खरी नसते. कोडे सुटले की खरी जागा कळते, आणि ती जाहीर जागेपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. भारतात हा छंद विरळ आहे, आणि जिथे आहे तिथे त्याच्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहिले जाते. पोरखेळ तर तो आहेच. पण त्या डब्यात देणे आणि घेणे यांचा एक असा संबंध बंद करून ठेवलेला आहे, की आपल्या दानविचाराला तो बिनतक्रार पचवता येणार नाही.

सुरतेत टपालाच्या कल्पनेवर असा डबा घरच्या घरी करायचा म्हटले तर सामान फार लागत नाही. पत्र्याचा डबा, लाल ऑइलपेंट, सहा आकडी फिरते कुलूप. बाहेरून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वापरलेले पाकीट चिकटवायचे. त्यावर पत्त्याच्या ओळी आहेत, पण पिनकोडचे सहा चौकोन कोरे. तिकिटावरचा गोल शिक्का वाचून कार्यालय ओळखायचे, कार्यालयावरून आकडे काढायचे आणि तेच आकडे कुलपावर फिरवायचे. सुरतेच्या मुख्य टपाल कार्यालयाचा 395003 जुळला तर कुलूप उघडते. आत नोंदवहीच्या जागी एक आंतरदेशीय पत्र आणि एक पेन्सिल, कारण इथल्या पावसाळ्यात शाई टिकत नाही. ज्या सहा आकड्यांवर हे कोडे उभे आहे ते एका मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेले आहेत. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते यांचा गुंता सोडवण्यासाठी त्यांनी ही रचना केली आणि 15 ऑगस्ट 1972 पासून ती लागू झाली. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, उरलेले तीन बटवड्याचे कार्यालय. यात माणूस कुठेच नाही, आहे ती फक्त जागा. मे 2025 मध्ये टपाल खात्याने आणलेला डिजिपिन तर याच वाटेने आणखी पुढे गेला: सबंध देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली. त्या चौकोनात कोण राहतो याच्याशी खुणेला कर्तव्य नाही. फरक एवढाच, की टपालाचा बटवडा शेवटी कुणाच्या तरी नावावर होतो. लपवलेल्या डब्याच्या बाबतीत चौकोनाशी येऊन पत्ता संपतो, आणि पुढे जो येईल तो.

आता शास्त्राकडे वळू. धर्मशास्त्राने दानाची व्याख्या काटेकोर केली आहे. देणाऱ्याने आपले स्वत्व सोडायचे आणि घेणाऱ्याचे स्वत्व तिथे उत्पन्न व्हायचे, या दोन्ही गोष्टी घडल्या तर दान पुरे झाले. म्हणजे घेणारा समोर हवा, त्याने ते स्वीकारले पाहिजे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक दानही अशाच अटींनी बांधलेले आहे: उपकाराची फेड ज्याच्याकडून होणार नाही अशाला द्यावे, पण स्थळ पाहून, काळ पाहून आणि पात्र पाहून. या मापाने आपला डबा पहिल्या पायरीवरच घसरतो. स्थळ आहे, काळाचा पत्ता नाही, आणि पात्र पाहण्याची तर सोयच नाही. पण शास्त्रकारांना ही अडचण कधी दिसलीच नव्हती असे समजायचे कारण नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात दानाचे प्रकरण संपवून प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांना वेगळे प्रकरण दिले आहे, ते उगाच नाही. तळे, विहीर, बाग, धर्मशाळा या गोष्टी कुणा एकाला देता येत नाहीत. तिथे कर्ता आपली मालकी सोडतो आणि ती वस्तू सर्व भूतांसाठी मोकळी करतो. कुणी हात पुढे करून ती घेतलीच पाहिजे अशी अट नाही. उलट मालकी सोडलेला माणूसही इतरांसारखाच त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो. नाव नसलेल्या माणसाला काही देता येते का, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा परंपरेत आहेच आणि ते होकारार्थी आहे. डब्याला दान म्हणू नये. तो फार लहान, फार किरकोळ, पण उत्सर्ग आहे. अगदी बारीक शंका काढायची तर अशी, की खेळाच्या भाषेत डबा ठेवणारा हा डब्याचा मालकच राहतो, मग त्याग कुठे झाला? पण तो मालक राहतो तो गंजलेले झाकण बदलण्यापुरता, भिजलेली वही नवी ठेवण्यापुरता. तळे बांधणाऱ्यालाही डागडुजी चुकलेली नव्हती. जीर्णोद्धाराचे पुण्य शास्त्राने म्हणूनच वेगळे सांगितले आहे.

सुरत हे शहर अशा उत्सर्गांवर वाढलेले आहे. मराठी माणसाला सुरत म्हटले की 1664 आणि 1670 च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात, तळघरांत आणि जमिनीत दडवलेली व्यापाऱ्यांची दौलत आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या दडवलेल्या धनाच्या शेजारीच उघड्यावर मांडलेले धनही या शहरात होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक गोपीने बांधलेले गोपी तळाव आज महापालिकेने पुन्हा पाण्याने भरले आहे. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, हजला जाणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी बांधलेली मुघलसराई तर आज महापालिकेचे मुख्यालय आहे. जिथे कुणाकुणाची बिऱ्हाडे चार दिवस पडायची तिथे घरपट्टीच्या फायली हलतात. सराईत उद्या कोण उतरणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती, ती म्हणजे बांधले कुणी. तळ्याला तर नावच त्याचे लागले आहे. इस्लामी कायद्यातही वक्फ सहसा होतो तो वाकिफाने, म्हणजे कुणीतरी ओळखता येणाऱ्या माणसाने, आपल्या तोंडाने जाहीर केल्यावर. निनावी तळे कुणी बांधल्याचे ऐकिवात नाही, आणि हा योगायोग नसावा.

डब्याचे तसे नसते. तळे उघड्यावर असते, डबा लपवलेला असतो. आणि सुरतेत लपवलेल्या डब्याला एक इतिहास आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत सुरतेत वीसहून अधिक जिवंत बॉम्ब सापडले, पुष्कळसे वराछा भागात, झाडांवर आणि फलकांच्या आड ठेवलेले. एकही फुटला नाही, हे शहराचे नशीब. फेब्रुवारी 2022 मध्ये विशेष न्यायालयाने दोन्ही शहरांच्या एकत्र चाललेल्या खटल्यात 38 जणांना फाशीची आणि 11 जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ज्या शहराच्या आठवणीत हे आहे, तिथे झाडाच्या ढोलीत कुलूप लावलेला लाल डबा ठेवणे ही निरागस गोष्ट राहत नाही. निव्वळ बाहेरून पाहिले तर दोन्ही कृतींची घडण सारखीच दिसते: वस्तू लपवलेली, जागा नेमकी, आणि घेणारा कोण ते ठेवणाऱ्याला ठाऊक नाही. जो येईल त्याच्यासाठी. धर्माचे नेहमीचे उत्तर इथे तोकडे पडते. आपण म्हणू की भाव वेगळा आहे, एकाने जीव रमावा म्हणून ठेवले, दुसऱ्याने जीव जावा म्हणून. खरे आहे, पण भाव डब्याच्या पत्र्यातून दिसत नाही. शाळेच्या वाटेवरच्या पोराला, पहाटे झाडलोट करणाऱ्या कामगाराला ठेवणाऱ्याच्या अंतःकरणाशी काय देणेघेणे? त्याला दिसतो तो डबा. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात 2011 साली असाच एक खेळातला डबा बॉम्बनाशक पथकाने बॉम्ब समजून स्फोटाने उडवला. त्या पथकाचे काही चुकले असे म्हणवत नाही.

तेव्हा दोन डब्यांत, भाव सोडून, बाहेरून पाहणाऱ्याला दिसेल असा फरक कोणता? एकच दिसतो: एकाचा ठेवणारा सापडतो, दुसऱ्याचा सापडू नये अशी व्यवस्था केलेली असते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आपल्या दानविचाराच्या थोडे उलटे जाते. घेणारा अनामिक असला तर काही बिघडत नाही, ते पुण्याचेच आहे. देणारा अनामिक असता कामा नये. आपण आजवर नेमके दुसऱ्या बाजूला भर देत आलो: पात्र पारखून घ्या आणि आपले नाव झाकून ठेवा. अनोळखी माणसांनी भरलेल्या शहराची नीती बरोबर उलटी हवी. पात्र पारखू नका, आणि आपले नाव झाकू नका.

याला टपालाची व्यवस्थाच चांगली साक्ष देते. साधे पत्र लाल पेटीत टाकताना पाठवणाऱ्याचे नाव लिहिलेच पाहिजे अशी सक्ती नसते. घेणाऱ्याचे मात्र हवे. म्हणजे टपाल हे वरवर आपल्या डब्याच्या उलट दिसते. पण पत्र अडले की टपाल काय करते ते पाहण्यासारखे आहे. पत्ता चुकला, माणूस गाव सोडून गेला, घेणाऱ्याने नाकारले, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताही नसला, की ते पत्र आरएलओमध्ये, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या कार्यालयात जाते. जुन्या काळी त्याला मेलेल्या पत्रांचे कार्यालय म्हणत. एरवी बंद पाकीट कुणी उघडायचे नसते; तिथे मात्र नेमलेल्या कर्मचाऱ्याला ते उघडून वाचण्याची मुभा असते, आणि तीही एकाच कामासाठी, पाठवणाऱ्याचा पत्ता सापडतो का ते पाहण्यासाठी. घेणारा हरवला की व्यवस्था देणाऱ्याला शोधत निघते. सुरतेची आपली स्वतःची व्यवस्था याहून पक्की आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात कागदाच्या पुडीत बांधलेले हिरे हातोहात फिरतात आणि आंगडियाच्या, म्हणजे मौल्यवान माल पोचवणाऱ्या पेढीच्या, माणसाबरोबर मुंबईला जातात. नेणाऱ्याला आत काय आहे, किती कॅरेट आहे, याच्याशी मतलब नसतो. पुडी उघडायची नाही हाच त्याचा धर्म. पण कुणी दिली आणि कुणाला द्यायची, ही दोन नावे त्याला चोख ठाऊक असतात. वस्तू झाकलेली असेल तर माणसे उघडी हवीत, हे आंगडियांच्या पेढ्यांना कुठल्या तत्त्वज्ञानाने शिकवलेले नाही. ज्या पेढ्यांनी ते पाळले नाही त्या टिकल्या नसाव्यात, एवढेच.

जगात इतरत्र पाहिले तरी अनोळखी माणसांवर भिस्त ठेवणाऱ्या खेळांचे मूळ टपालाशी जाऊन भिडते. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल या आडवळणी जागी 1854 मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एक बाटली ठेवली, येणाऱ्याने आपले कार्ड तिच्यात टाकावे म्हणून. पुढे लोक तिथे आपलाच पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले. मागून येणारा ती उचलून खाली गावात टपालात टाकायचा. लेटरबॉक्सिंग या नावाने तो छंद आजही चालतो आणि जिओकॅशिंगचा तो थोरला भाऊ आहे. गॅलापागोस बेटांपैकी फ्लोरियानावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एक पिंप आहे. देवमाशांची शिकार करणारे खलाशी त्यात पत्रे टाकून जात आणि ज्याचे गलबत त्या पत्त्याच्या दिशेने निघाले असेल तो खलाशी ती घेऊन जाई. आज प्रवासी तेच करतात. दोन्हीकडे मधला माणूस कोण ते कुणालाच ठाऊक नाही. पण पत्रावर लिहिणाऱ्याची सही आहे, कार्डावर त्याचा पत्ता आहे. निनावीपणा येतो तो घेऊन जाणाऱ्याच्या ठिकाणी. जिथून वस्तू निघाली ते ठिकाण निनावी नाही.

यावर पहिला आक्षेप गुप्तदानाच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. नाव लिहिले की दानात अहंकार शिरतो. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये हे ख्रिस्ती शिकवणीतही आहे आणि आपल्या आजीच्या बोलण्यातही. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कैलासवासी वडिलांचे नाव रंगवून घेणारा दाता सर्वांनी पाहिला आहे; पंखा बंद असला तरच ते नाव वाचता येते, म्हणजे दान चालू असताना दाता दिसत नाही आणि दाता दिसतो तेव्हा दान बंद असते. थट्टा सोडली तरी मुद्दा उरतोच. पण मिरवण्याचे नाव आणि जाब देण्याचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले बाहेर लिहितात, दुसरे आत. पहिले आलेल्या प्रत्येकाने वाचावे म्हणून असते, दुसरे काही बिघडले तरच कुणीतरी शोधावे म्हणून. गुप्तदानाचा खरा गाभा घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये हा आहे. ज्याला मदत केली तो रोज समोर येतो, त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून नाव झाकायचे. जिथे घेणारा ओळखीचाच नाही तिथे हे कारण उरत नाही. तिथे नाव झाकण्यात लाभ असतो तो देणाऱ्याचा: आपण ठेवले त्याचे पुढे काय झाले, कुणाला लागले, कुणी घाबरले, याची पंचाईत नको. अशा झाकण्याला नम्रता म्हणायला मन घेत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. घेणारा कुणीही असो असे म्हणायचे आणि मध्ये कोड्याचे कुलूप घालायचे, ही लबाडी नाही का? उत्सर्गाच्या इतिहासात ही लबाडी भरपूर झाली आहे. संकल्पात सर्व भूतांचा उच्चार करून बांधलेल्या तळ्यांवर सर्व माणसे कधी आली? महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या बोले ठरावानंतर तिथल्या नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि कज्जा उच्च न्यायालयात निकालात निघायला 1937 उजाडले. तेव्हा अनामिक घेणाऱ्यासाठी ठेवले आहे हे तोंडाने म्हणणे पुरेसे नाही. दारात कोण उभे केले आहे ते पाहावे लागते. कोडे हा दारवानच आहे. मात्र जन्म पाहणारा दारवान आणि आकडे विचारणारा दारवान यांत फरक करावाच लागेल. आकडे शिकता येतात, दुसऱ्याला विचारता येतात, दहा वेळा चुकून अकराव्या वेळी जुळवता येतात. जन्माचे तसे काही करता येत नाही. तरीही सुरतेत इंग्रजी शब्दखेळांवर बेतलेले कोडे ठेवले तर ते चार इमारतींतल्या पोरांपुरते राहील. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आहेत, मागावर काम करणारे ओडिया कामगार आहेत, गुजराती तर आहेतच. या सगळ्यांना समान येणारी एकच लिपी आहे, ती म्हणजे पत्त्याखालचे सहा आकडे. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या माणसाला आपला पिनकोड पाठ असतो. टपालाचे कोडे या शहराला शोभते ते एवढ्यासाठी. उपग्रहांचे संदेश टिपणारा फोन लागतो ही अडचण मात्र उरतेच, आणि ती मी झटकून टाकू शकत नाही. जागेचे वर्णन चार भाषांत साध्या शब्दांत दिले तर ती काहीशी कमी होईल, संपणार नाही.

कुणी म्हणेल, आंतरदेशीय पत्राच्या घडीवर सही करणे याला देणे-घेणे म्हणायचे आणि त्यावर धर्मशास्त्र खर्च करायचे, हे जरा अति होते. वस्तू क्षुल्लक आहे हे मान्य. पण तिच्या क्षुल्लकपणामुळेच एक गोष्ट स्वच्छ दिसते. जैनांच्या पाच व्रतांत अस्तेयाचा अर्थ फार कडक लावला आहे: न दिलेले घेणे म्हणजे चोरी, मग ती वाटेवर पडलेली काडी का असेना. हिऱ्याच्या व्यापारातल्या जैन घराण्यांमुळे सुरतेला हे व्रत अपरिचित नाही. वाटेवर सापडलेली वस्तू आपल्याला दिलेली आहे की नुसती पडलेली आहे, हे उचलणाऱ्याने कशावरून ठरवायचे? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हरवलेली वस्तू राजाने तीन वर्षे सांभाळावी असे आहे, आणि पुरलेला ठेवा विद्वान ब्राह्मणाला सापडला तर सगळा त्याचा, इतरांना मात्र वाटणी. सापडण्यातसुद्धा जात पाहिली. 1878 च्या भारतीय निधी कायद्याने जात काढली आणि रकमेची रेघ ओढली: जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा. दोन्ही नियम एकाच पोकळीभोवती फिरतात, ती म्हणजे ठेवणारा कोण ते माहीत नसणे. डब्याच्या झाकणात ठेवणाऱ्याचे नाव आणि दोन ओळींचा मजकूर असला की ही पोकळी भरते. उचलणाऱ्याला कळते की हे आपल्याला दिलेले आहे. नाव नसेल तर कडक जैन साधकाने तो डबा उघडूच नये, आणि त्याचे बरोबर असेल.

एक आक्षेप राजकीय आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. प्रत्येक वस्तूमागे नाव हवे असे म्हणत गेलो तर ते नाव शेवटी सरकारच्या वहीत जाते. 1898 चा टपाल कायदा जाऊन 2023 चा आला, तो 18 जून 2024 पासून लागू झाला. पत्रवहनाची सरकारी मक्तेदारी त्याने संपवली, पण राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याचा अधिकार नव्या कायद्यातही आहे. 1986 च्या दुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमती न देता तसेच ठेवले होते, तेव्हा वाद याच अधिकाराचा होता. निनावी पत्राने या देशात लाच उघडकीला आली आहे, जुलूम बाहेर आला आहे. ती वाट बंद होऊ नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण निनावी शब्द आणि निनावी वस्तू यांना एका तराजूत घालता येत नाही. निनावी पत्र एका नावाच्या माणसाकडे जाते. तो ते फाडतो, जपतो किंवा पोलिसांत देतो; निर्णय मोठ्या माणसाच्या हातात असतो. रस्त्यावरचा डबा आधी कुणाच्या हाती लागेल ते ठरवता येत नाही, बहुधा लहान मुलाच्या. शब्दाने जीव जायला मध्ये कुणीतरी माणूस लागतो, वस्तूला लागत नाही. त्यामुळे शब्दांसाठी निनावीपणाचा हक्क राखावा आणि वस्तूंसाठी मागू नये. शिवाय इथे मी नाव मागतो आहे ते सरकारसाठी नाही, जो झाकण उघडेल त्याच्यासाठी.

हा खेळ चालवणाऱ्यांनीही जागेच्या मालकाची परवानगी आणि डब्यावर ओळख यांचा आग्रह नियमांतच धरलेला आहे. सुरतेत कुणी टपालाचा डबा ठेवणार असेल तर त्याने झाडाची ढोली, पूल, स्टेशन, बाजार यांचा विचारच करू नये. कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या संस्थेकडे, नाहीतर एखाद्या मराठी शाळेकडे लेखी परवानगी मागावी आणि डबा तिथल्या कपाटात किंवा कुंपणाच्या आत ठेवावा. कोडे अवघड करायला तेवढी जागा पुरते. शक्यतो पत्र्याऐवजी आरपार दिसणारा डबा घ्यावा, त्यावर हा खेळ असल्याचे गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडिया या चारही भाषांत लिहावे, जवळच्या पोलिस चौकीला एक प्रत द्यावी. झाकणाच्या आत आपले खरे नाव आणि फोन नंबर लिहावा. आणि नोकरी बदलून शहर सोडायची वेळ आली, तर सामान बांधण्यापूर्वी डबा काढून न्यावा किंवा सांभाळायला तयार असलेल्या माणसाचे नाव आत लिहून जावे.